सत्तेचाळीस आणि नलवत्तेळु

जुन्या हुबळीत आमच्या घरांत मराठी, दाराबाहेर कन्नड. शिक्षक व्हायचे ठरवून आम्ही धारवाडला बी. ए. करीत असता, संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना शिकवीत असू. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी. कन्नडमधल्या 'नलवत्तेळु'त चाळीस आधी. मराठी घरातले मूल ते ऐकून कधी ७४ लिही. दोष मुलाचा नव्हे, दोन भाषांच्या चालींचा. एकोणिसाव्या शतकात या भागातील शाळांत मराठीचा पगडा असताना डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शिक्षणासाठी आयुष्य का वेचले, हे आम्हां मराठी भाषिकांना त्या पाटीपाशी उमगले. बी. एड. पुढे झाले, परंतु मूल मनात कोणत्या भाषेत मोजते, हे आधी ऐकावे, ही शिकवण तेथलीच.