माझ्या टाचा बघत ये

वीज गेली. पुनावळ्याच्या त्या सोसायटीत जनरेटर सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात त्याने खणात हात घातला आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. जुन्या हेडटॉर्चमधले तिन्ही सेल पाझरले होते. स्प्रिंगवर हिरवट थर.

नवा घ्यायला तो मोबाइल घेऊन बसला. चारशे ल्युमेन, हजार, दोन हजार. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड; तो किती लांब पोचेल, हे झोत किती आवळलाय त्यावर ठरतं. दुप्पट लांबचं दिसायला झोत चौपट तीव्र लागतो. चाकणला शिफ्ट करणाऱ्याला हा हिशेब कळतो, पण बोट मोठ्या आकड्यापाशीच घुटमळत होतं.

कारण के-टू-एस. कात्रज ते सिंहगड, रात्रभर टेकडीमागून टेकडी. समोर गडावरच्या टॉवरचे दिवे, जवळ यायचं नाव नाही. एका घसाऱ्यावर त्याचा दिवा पिवळा पडत विझला. पुढच्या मित्राने काही न विचारता डोक्यावरचा दिवा काढून कंबरेला मागच्या बाजूने बांधला. ‘‘माझ्या टाचा बघत ये.’’ स्वतः तो चांदण्याच्या अंदाजाने चालला.

तानाजी याच गडावर चढला, ती रात्र १६७० मधल्या माघ वद्य नवमीची. नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. त्याआधी काळोखच, आणि मशाल पेटवली तर पहारा जागा. तुलना आगाऊ आहे. त्या वाटेवर ती सुचतेच.

त्याचा खरा राग हजार ल्युमेनवाल्यांवर. बोलताना ते थेट तोंडाकडे बघतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. यांनी मान वळवली की सगळं पुसलं. दिव्यात लाल प्रकाशाची सोय असते, पण ते बटण कोण दाबतो?

राजमाचीला, पावसाच्या तोंडावर, असाच एक झोत काजव्यांच्या झाडावर पडला होता. नर काजवा चमकून मादीला हाक घालतो. भगभगीत उजेडात ती हाक दिसणार कुणाला? झोत हटल्यावरही झाड बराच वेळ काळंच राहिलं. त्या वेळी तो काही बोलला नाही, हे त्याला अजून खुपतं.

वीज आली होती. मोबाइल बाजूला ठेवून त्याने स्प्रिंगवर लिंबू पिळलं. भुकटी फसफसली. नवे सेल घातले, बटण दाबलं. काहीच नाही. मग तो जुना टूथब्रश शोधायला उठला.