न खेळता दिलेला निकाल

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. हा किस्सा मी भाषणांत कितीदा तरी सांगितला आहे. नावाकडे बघू नका, कथा वाचा, असं मी श्रोत्यांना बजावत असे. विज्ञानकथा न वाचताच तिला दुय्यम ठरवणाऱ्या समीक्षकांचा मला मनापासून राग होता.

गिरगावातल्या अशाच एका कार्यक्रमात एका मुलीनं विचारलं, परग्रहावर घडणाऱ्या शूटिंग गेमना विज्ञानकथा म्हणायचं का? मी म्हणालो, जिथे नुसत्या गोळ्या झाडायच्या असतात, तिथे समीक्षेचं काय काम? टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. ती मुलगी खाली बसली आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तोवर मी एकही गेम खेळलेला नव्हता.

या तुच्छतेखाली भीती होती. २०१९मध्ये पबजीवर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. परळला बहिणीकडे गेलो की भाचा कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला दिसायचा. हाक मारली तरी मान वर करायचा नाही. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजीवर बंदी घातली, तेव्हा बहिणीइतकाच मीही सुटलो. मुलाची काळजी वाटणं खरंच होतं. पण त्या काळजीलाच मी वाङ्मयीन मत समजून बसलो आणि ते व्यासपीठावरून सांगत राहिलो.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ हा गेम १६ ऑक्टोबर २०२४ला आला. भविष्यातलं, पण भारतीय वळणाचं विरलोक नावाचं जग, त्यात उतरलेले लढवय्ये आणि कॉस्मियम नावाचं अद्भुत द्रव्य. त्या वर्षी भाऊबीजेला गेलो, तर चाळीच्या गॅलरीत भाचा आणि त्याचे मित्र यावरूनच हमरीतुमरीवर आले होते. मी आत बसून ऐकत होतो. ‘दिसायला भारी आहे, पण बंदुकीला वजन नाही,’ एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘लॅग तुझ्या फोनचा आहे, त्याचं खापर गेमवर फोडू नकोस.’ दोष कृतीचा की प्रयोगाचा, हा फरक नाटकाच्या परीक्षणात करायला मला कितीतरी वर्षं लागली होती.

मग वाद कॉस्मियमवर आला. अशा गेममध्ये एरवी शेवटी जो जिवंत उरतो तो जिंकतो. ‘इंडस’मध्ये अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम ताब्यात घेऊनही जिंकता येतं. एका मुलाला ही पळवाट वाटत होती. भाचा म्हणाला, ‘अरे, सगळ्यांना मारल्याशिवाय जिंकता येतं, म्हणजे गोष्टच बदलली ना!’

मी हातातली करंजी ताटात ठेवली. गेमची गोष्ट मी पडद्यावरच्या चित्रांत आणि पात्रांच्या संवादांत शोधत होतो आणि ती सापडत नाही म्हणून गेमला पोकळ म्हणत होतो. तो मुलगा ती नियमात वाचत होता. काय केल्यावर काय मिळतं, लपून राहणाऱ्याला काय आणि पुढे धावणाऱ्याला काय, यातून ते जग आपली नीती सांगत होतं. मला ती लिपीच येत नव्हती. निरक्षर माणसानं ग्रंथाला कोरा म्हणावं, तसं मी केलं होतं, तेही विज्ञानकथेचा वकील म्हणवून घेत.

बाहेर जाऊन भाच्याला म्हटलं, ‘मला शिकव.’ ‘मामा, तू?’ म्हणत त्यानं फोन हातात दिला. मी लगेच मेलो, पुन्हा उतरलो, पुन्हा मेलो. शेजारी बसून बघताना जो नुसता गोंगाट वाटायचा, त्यात पावलांची दिशा ऐकू येते, हे खेळल्याशिवाय कळलं नसतं.

पुढे वाचत गेलो. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’चं समीक्षकांनी एवढं कौतुक का केलं, ते आता समजतं: गोष्ट सांगण्यासाठी तो खेळ थांबवत नाही, सगळं नायकाच्याच नजरेतून घडत राहतं. गेम ही कला होऊच शकत नाही, असं चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल २०१०मध्ये लिहिलं होतं. अनुभव न घेता आपण बोलायला नको होतं, हे त्यांनी त्याच जुलैमध्ये जाहीरपणे मान्य केलं. मला ते मान्य करायला फार उशीर लागला, आणि गिरगावातल्या त्या मुलीचं नावही मी विचारलं नव्हतं.

‘इंडस’ मला थोर वाटत नाही. त्यातलं भारतीयपण बरंचसं नक्षीत आणि पोशाखांत राहतं. खेळण्याच्या रीतीत ते कमी उतरतं. कॉस्मियमचा नियम तेवढा अपवाद, पण तोही अगदी शेवटी येतो. भाच्याला हे पटत नाही. शेवटी तो पर्याय आहे हे माहीत असल्यामुळे सुरुवातीपासूनच खेळणं बदलतं, असं त्याचं म्हणणं आहे. त्याचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.