आपलं आरक्षण, त्यांचं आरक्षण

नांदेडमध्ये एखादा डावा आहे की उजवा, यावरून त्याचं आरक्षणाबद्दलचं मत ओळखता येत नाही. माझ्या वर्गातला कायम भगवं स्टेटस ठेवणारा मुलगा मराठा आरक्षणाच्या मोर्चात पुढे होता. आणि लाल झेंड्याच्या संघटनेतला दुसरा म्हणायचा, ‘जात नको, आर्थिक निकष लावा.’

सभागृहांत तर सगळेच समर्थक. आर्थिक दुर्बलांच्या 10 टक्क्यांसाठी जानेवारी 2019 मध्ये लोकसभेत मतदान झालं: 323 विरुद्ध 3. भाजप, काँग्रेस आणि मार्क्सवादी एका बाजूला; विरोधात फक्त ओवैसी आणि मुस्लिम लीगचे दोघे. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा समाजाला 10 टक्के देणारं विधेयकही विधिमंडळात एकमताने मंजूर झालं.

मग विचारसरणी दिसते कुठे? आरक्षण कशासाठी, या उत्तरात.

शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानात 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्या मागासांत मराठेही होते. त्यांचा प्रश्न होता, खुर्चीवर कोण बसतं? 2019 चा प्रश्न वेगळा: खिशात किती आहे? पहिला सत्तेतल्या वाट्याचा, दुसरा मदतीचा.

आमच्याकडे हे दोन्ही एकमेकांत मिसळलेत. सोयाबीनचा भाव पडला की घरात आरक्षणाचा विषय निघतो. पणजोबांची कुणबी नोंद सापडली, तर प्रमाणपत्र मीही काढणार. पण त्याने सोयाबीनला भाव मिळणार नाही. ते भांडण शेतीच्या धोरणाशी आहे.

आणि जात म्हणजे नुसती गरिबी असती, तर 1978 मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या ठरावावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या नसत्या. त्या ठरावाने कुणाची जागा जाणार नव्हती की पैसा. फक्त नाव बदलणार होतं. नामविस्तारासाठी 1994 उजाडलं.

लातूरला क्लासला असताना माझ्या मैत्रिणीला आडनाव ऐकून खोली नाकारली गेली. तिचे वडील प्राध्यापक. भाडं आगाऊ द्यायची तयारी होती. आर्थिक निकषाच्या कुठल्याच रकान्यात ती बसत नाही.

म्हणून कुणाचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर मी पक्ष विचारत नाही. स्वतःच्या आरक्षणासाठी तो जे कारण देतो, तेच तिच्या आरक्षणाला लावतो का, एवढं बघते. आपला तो हक्क आणि त्यांची ती ‘सवलत’ म्हणणारे मला सगळ्याच झेंड्यांखाली भेटलेत.