वाईच्या पश्चिमेस

वाईला येणारा प्रवासी बहुधा वाईला येतच नाहीं. तो वाईवरून जातो. पुण्यामुंबईच्या मोटारी कृष्णा ओलांडतात, पसरणीचा घाट चढूं लागतात, आणि पांचगणीच्या गार वाऱ्याची चाहूल लागतांच आंतील मंडळी खालच्या खोऱ्याकडे पाहून म्हणतात, "काय सुंदर दिसतं, नाही!" दरींतील नदीची चकचकीत रेघ, तिच्या कडेचे मळे, पलीकडच्या निळसर डोंगरांच्या रांगा, हें सारें त्यांना दोन वळणांच्या मधल्या अवकाशांत दिसतें आणि तिसऱ्या वळणावर नाहींसें होतें. सौंदर्याचा हा घाऊक व्यवहार मला कधींच मानवला नाहीं. म्हणून घाटाची वाट मीं ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठीं सोडून दिली आहे, आणि वाईच्या बाजारांतून पश्चिमेकडे जो एक साधा रस्ता नदीच्या सोबतीनें निघतो, तो गेलीं कित्येक वर्षें माझ्या सायकलीसाठीं राखून ठेवला आहे. राखून ठेवला म्हणजे काय, तर त्यावर दुसरें कोणी फारसें येत नाहीं, एवढेंच.

सायकल हें वाहन पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभत नाहीं, असें माझ्या आप्तांचें एकमत आहे. मला तें आवडतें तें त्याच्या प्रामाणिकपणामुळें. मोटारींत बसलेल्याला चढ काय आणि उतार काय, दोन्ही सारखेच. सायकलस्वाराला मात्र जमिनीचा प्रत्येक हिशेब पायांनीं चुकता करावा लागतो. नकाशांत सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षांत कोठें चढते आणि कोठें उतरते, हें त्याच्या मांड्यांना डोळ्यांच्या आधीं कळतें. अशा माणसावर नदीच्या खोऱ्यानें मोठाच उपकार केलेला असतो. चहूंकडे डोंगर उभे असतांहि पाण्यानें युगानुयुगें घासून काढलेला सौम्य उतार त्याच्या वाट्याला येतो. डोंगराचा सहवास लाभतो आणि डोंगराची शिक्षा भोगावी लागत नाहीं. शिवाय सायकल आवाज करीत नाहीं. तारेवर बसलेला खंड्या तुम्हांला ओळखीचा समजून जागचा हालत नाहीं, आणि बांधावर भाकरी सोडून बसलेला शेतकरी तुम्हांला "या जेवायला" असें म्हणूं शकतो. मोटारवाल्याला तो कधीं म्हणेल काय?

वाई सोडण्यापूर्वीं मी ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूनें एक फेरी घालतों. मूर्तीचें दर्शन सगळेच घेतात. मला त्या देवळाची पाठ पाहावयाची असते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधलेल्या ह्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेच्या पुराचा लोंढा आला म्हणजे तो तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनीं निघून जावा, अशी ती योजना. देवळाच्या पायाशींच नदी, आणि ती वर्षांतून एकदां अंगावर येणार, हें बांधणाऱ्यांनीं गृहीत धरलें होतें. नदीला अडवावयाचें त्यांच्या मनांत नव्हतें; ती आली म्हणजे तिला वाट द्यावयाची, एवढाच त्यांचा बेत होता.

वाईपासून तीनेक किलोमीटरांवर मेणवली आहे. तेथील घाट आतां पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे, कारण २००४ मध्यें आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाचें चित्रण ह्या गांवीं झालें. मी जातों तो नाना फडणविसांच्या वाड्यासाठीं. १७६१ मध्यें पानिपतच्या रणांतून विशीहि न गांठलेले नाना कसेबसे जिवानिशीं परत आले. आई मात्र तिकडेच अंतरली. पुढें सारा जन्म मराठी राज्याचे कागद, करार आणि कारस्थानें सांभाळण्यांत गेला. त्या माणसाला १७६८ मध्यें ह्या गांवची जमीन मिळाली, आणि त्यानें येथें वाडा बांधला, नदीला पायऱ्यांचा घाट बांधला, घाटावर विष्णूचें व मेणवलेश्वराचें अशीं दोन देवळें उभारलीं. वाड्याच्या मागील दारानें उतरावें आणि थेट पाण्यापाशीं यावें, अशी ती रचना आहे. परंतु पुण्याचें राजकारण नानांना सोडीत नव्हतें, आणि नानांनाहि तें सोडवत नव्हतें. १८०० च्या मार्चमध्यें त्यांनीं देह ठेवला तो पुण्यासच. मनुष्य विश्रांतीसाठीं घर बांधतो तेव्हां त्याला विश्रांतीची किती तहान आहे, एवढेंच त्या घरावरून कळतें.

ह्याच घाटावर एका लहानशा दगडी मंडपींत एक थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ मध्यें पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्यानंतर चर्चमधील ज्या घंटा देशावर आल्या त्यांतील ही एक. लहानपणीं ही हकीकत ऐकतांना माझी छाती अभिमानानें फुगत असे. आतां त्या पायऱ्यांवर बसलें म्हणजे दुसराच विचार मनांत येतो. समुद्रकांठच्या ज्या वस्तींत ही घंटा रोज वाजत होती, तेथें एके दिवशीं ती वाजली नसेल. त्या सकाळीं तेथील माणसांना ती शांतता कशी वाटली असेल? विजयाचा इतिहास लिहिला जातो तो तोफांच्या आवाजांचा. थांबलेल्या आवाजांची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

मेणवलीच्या पुढें जवळच भोगांव लागतें. गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिणाऱ्या वामन पंडितांची समाधि तेथें आहे. मग दुतर्फा ऊस आणि हळदीचे वाफे ह्यांतून रस्ता धोमला पोंचतो. धौम्य ऋषींच्या नांवावरून गांवाला हें नांव पडलें, असें सांगतात. तेथील शंकराच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचें दगडी कुंड आहे. कुंडाच्या मधोमध एक कांसव, आणि कांसवाच्या पाठीवर नंदी. कुंड पाण्यानें भरलें म्हणजे कांसव नंदीला घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. पाण्याशीं इतक्या प्रेमानें खेळलेला थट्टेचा खेळ मीं दुसऱ्या कोठें पाहिलेला नाहीं.

धोमला मागें टाकलें कीं ह्या वाटेवरचा खरा चढ लागतो, आणि तो निसर्गानें केलेला नाहीं. तो धरणाचा चढ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें कृष्णेला बांध घातला गेला, आणि त्यामागें सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी सांठूं लागलें. धापा टाकीत वर यावें, घाम पुसावा आणि समोर पाहावें, तों डोंगरांच्या पायाशीं पसरलेलें तें निळें पाणी! पाठीमागें उत्तरेकडे पांडवगड, समोर पाण्याच्या पलीकडे कमळगड. महाबळेश्वरीं उगम पावून जोरच्या खोऱ्यांतून धांवत आलेली, आणि पुढें सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी कृष्णा येथें क्षणभर निजल्यासारखी दिसते. पाण्याच्या कडेनें जाणाऱ्या रस्त्यावर तासन्‌तास वाहन येत नाहीं. सायकलीच्या सांखळीची बारीक टिकटिक तेवढी ऐकूं येते. अशा वेळीं आपण फार भाग्यवान्‌ आहों असें वाटतें.

गेल्या मार्गशीर्षांत ह्या रस्त्यावरच्या एका टपरीपाशीं मी चहा घेत होतों. बांकड्यावर एक म्हातारबोवा पाण्याकडे तोंड करून बसले होते. माझ्या सायकलीकडे त्यांनीं थोडा वेळ निरखून पाहिलें आणि विचारलें, "काय बघायला आलाय, सायेब?"

"मेणवलीचा वाडा पाहिला, बाबा. धोमचं देऊळ पाहिलं."

"आमचं बी देऊळ व्हतं," ते म्हणाले, आणि हातांतील काठीनें त्यांनीं पाण्याकडे बोट दाखवावें तसें दाखविलें. "देव वर आणला. पार तितंच ऱ्हायला. उन्हाळ्यात पानी हटलं, की पाराचं दगड उघडं पडत्यात. येतो मग बघून."

आतां कोठें राहतां, असें मीं विचारलें.

"खाली. कालव्याच्या पान्यावर. जमीन ब्येस हाय, ऊस हाय, पोरांची घरं झाली." मग बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "पर सकाळी उठलं, की डोंगर दिसत न्हाई."

ह्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. वयाप्रमाणें गुडघे दुखतात हें सांगावें, तसें त्यांनीं तें सांगितलें. धरणाखालीं गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यांत लाभक्षेत्रांत जमीन द्यावी, हें तत्त्व महाराष्ट्राच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्यानें मान्य केलें. आणि ज्यांना ती मिळाली त्यांतील पुष्कळांचें बरें चाललें आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु डोंगराच्या मोबदल्यांत डोंगर द्यावा, असें कलम कोणत्या कायद्यांत घालतां येईल? आणि मी तरी कोणाला दोष देऊं? माझ्या हातांतील चहांत जी साखर होती, ती अशाच कुठल्या तरी धरणाच्या पाण्यावर पिकलेल्या उसाची असणार. तो पेला खालीं ठेवून देण्यानें म्हातारबोवांचा पार वर येणार नव्हता. मीं तो संपविला, आणि त्यांच्यासाठींहि एक मागविला.

पुढें जातांना मात्र ज्या शांततेसाठीं मी येथवर येतों, तिच्याकडे मला नव्यानें पाहावें लागलें. शांत रस्ता म्हणजे काय? ज्यावरून फारशा कोणाला कोठें जावयाचें उरलेलें नाहीं, असा रस्ता. जीं गांवें तो जोडीत असावयाचा त्यांतलीं कांहीं पाण्याखालीं गेलीं. जीं कांठावर राहिलीं त्यांतील तरुण मुलें पुण्यामुंबईस गेलीं. बैलगाड्यांचा खडखडाट, बाजाराच्या दिवसाची वर्दळ, पारावरची भांडणें आणि भजनें, हें सगळें वजा झालें तेव्हां कोठें माझ्या सायकलीच्या सांखळीचा आवाज मला ऐकूं येऊं लागला. वसईच्या घंटेविषयीं जो प्रश्न मी मेणवलीच्या पायऱ्यांवर बसून इतिहासाला विचारीत होतों, तोच येथें पाण्याच्या कडेला माझी वाट पाहत होता. आणि येथें त्याचें उत्तर देणारा मनुष्य अजून जिवंत होता.

ऐतिहासिक स्थळें म्हणून आपण ज्यांची यादी करतों, तीं बहुधा दगडाचीं असतात आणि सत्तेनें किंवा संपत्तीनें उभारलेलीं असतात. रास्त्यांचें देऊळ उभें आहे, नानांचा वाडा उभा आहे. त्यांच्यापुढें मी आजहि आदरानें सायकलीवरून उतरतों. परंतु ज्या पारावर एका गांवाच्या कित्येक पिढ्या टेकल्या, तो त्या यादींत कधीं येत नाहीं. त्याला पाहावयास येणारा प्रवासी एकच, आणि तोहि काठी टेकीत एस. टी. च्या गाडीनें येतो. सायकलीनें मला पुष्कळ दिलें आहे. पण तिचें सर्वांत मोठें देणें हेंच कीं ती मला दमविते, आणि दमलेला मनुष्य कोणाच्याहि बांकड्यावर शेजारीं बसतो. दमलों नसतों तर तो पार माझ्या दृष्टीला कधींच पडला नसता.

ह्या खोऱ्यांत केव्हां जावें, असें मला स्नेही विचारतात. मार्गशीर्ष-पौषांत जावें, हें उत्तर सोपें आहे. तेव्हां पाणी कांठोकांठ असतें, हवा निर्मळ असते, आणि कमळगडाची सांवली तलावांत उतरलेली दिसते. पण एकदां जाऊन आलेल्यांना मी सांगतों कीं दुसऱ्या खेपेस वैशाखांत जा. ऊन फार असतें, तेव्हां पहाटे निघावें आणि पिण्याचें पाणी भरपूर घ्यावें. तलाव ओसरलेला असतो. कडेला भेगाळलेल्या चिखलाचे पट्टे उघडे पडतात, त्यांत जुन्या बांधांच्या रेघा आणि कोठें कोठें रचलेले दगड दिसतात. त्या दिवसांत हें खोरें सुंदर दिसत नाहीं. पण तें पुरें दिसतें.