दुसऱ्या माणसाची जागा

उद्याच्या घरात कोणकोणती यंत्रे असतील, याचे भाकीत करण्याचा मोह मोठा असतो. वाट कुठे जाणार हे जाणायचे असेल, तर ती कुठून आली हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा 'वॉकमन' विक्रीस आला. हातात मावणारे यंत्र, आत कॅसेट, आणि संगीत थेट कानांत. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी त्याचा नमुना प्रथम घरी नेऊन ऐकला, तेव्हा आपण बाहेर पडल्यासारखे त्यांच्या पत्नीस वाटले. ही हकीकत मोरितांनीच पुढे आत्मकथनात नमूद केली आहे. म्हणून त्या पहिल्या यंत्रास हेडफोन जोडण्यासाठी एक नव्हे, दोन जागा ठेवल्या गेल्या. शिवाय एक नारिंगी कळही होती. ती दाबली की संगीत मंद होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. परंतु लोक वॉकमन एकट्यापुरताच वापरू लागले. पुढच्या काळातील नमुन्यांतून ती कळ गेली, दुसरी जागाही गेली. दुसऱ्या माणसाची जागा कोणी हिरावून घेतली नव्हती. ती वापरात नव्हती, म्हणून गेली.

आमच्या बालपणी रेडिओ एकाने लावला तरी तो साऱ्या घराला ऐकू येई. दूरचित्रवाणी संच गावात एखाद्याच घरी असे आणि शेजारपाजार त्यापुढे मांडी घालून बसे. बातम्या पाहायच्या की चित्रपट, यावरून वादही होत; पण त्या वादासाठी तरी माणसांना एकत्र बसावे लागे. आज घरभेटीस गेलो असता एकाच खोलीतील चार माणसे चार पडद्यांत गुंतलेली दिसतात. वाद मिटले आहेत, आणि संवादही.

आता पडदा हातातून डोळ्यांवर येऊ पाहत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपल कंपनीने अमेरिकेत 'व्हिजन प्रो' हे डोळ्यांवर बांधायचे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या बाहेरील बाजूस आणखी एक पडदा असून, आतील माणसाच्या डोळ्यांचे चित्र त्यावर उमटते. जवळच्या माणसाला परके वाटू नये, यासाठी ही योजना! त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी मोरितांच्या घरात उभा राहिलेला प्रश्न अजून सुटलेला नाही, याची ही कबुलीच नव्हे काय?

यंत्रे अजून लहान होतील, चष्म्यात आणि कानात सामावतील, विचारले की बोलून उत्तर देतील. "हे कसले झाड?" असे जे मूल आजीला विचारीत असे, ते कानातल्या आवाजाला विचारील. उत्तर कदाचित अधिक अचूक असेल. मात्र त्या दिवशी आजीला कोणीही काही विचारलेले नसेल.

तथापि केवळ हळहळ व्यक्त करणे न्यायाचे होणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्याच 'एअरपॉड्स प्रो' या इअरफोनला, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी श्रवणयंत्राचे काम करू देण्यास मान्यता दिली. ज्या वस्तूने नातवाचे कान घरासाठी बंद होतात, तीच वस्तू आजोबांचे कान घरासाठी उघडू शकते. वस्तू एकच, दिशा मात्र दोन.

वाचकहो, कारखान्यात काय घडावे हे आपल्या हाती नाही. पण कोणती सोय वापरात राहते आणि कोणती टाकून दिली जाते, हे बव्हंशी घरातच ठरते. नवी वस्तू घरी आणताना किंमत विचारावी, हमी विचारावी, आणि आणखी एक गोष्ट विचारावी : हिच्यापाशी दुसऱ्या माणसाला जागा आहे काय? असेल, तर ती जागा रोज वापरीत राहावे. न वापरलेली जागा पुढच्या नमुन्यात नसते.