डांबराआधीचे रस्ते

रविवारी सकाळी फ्लॉरेन्समधले पर्यटक अजून झोपेत असतात, तेव्हा इथली माणसं सायकली बाहेर काढतात. काही जण उत्तरेला फिएझोलेच्या चढाला लागतात, काही जण पोर्ता रोमाना या जुन्या वेशीतून दक्षिणेला, कियांतीच्या टेकड्यांकडे. सत्तरी ओलांडलेले निवृत्त फिटर, दुकानदार, शाळेतले शिक्षक, कॉलेजातली पोरं, सगळ्यांच्या अंगात आपापल्या क्लबाची जर्सी. मी हुबळीजवळच्या तारिहाळचा, नोकरीच्या निमित्ताने इथे आलेला. इटालियन भाषा ऑफिसात शिकलो. हे शहर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख मात्र या रविवारच्या मंडळींनी दाखवला, आणि परक्या गावात आपली म्हणावी अशी पहिली माणसंही त्यांच्यातच मिळाली.

इथले चढ आपल्या घाटांसारखे नाहीत. आपल्याकडे बोरघाट एकदा चढला की वर पठार लागतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ त्या घाटात ठरतो, आणि पुढे पुण्यापर्यंत दमाला सवड मिळते. फ्लॉरेन्सच्या भोवतीच्या टोस्काना प्रांतात अशी सवड नाही. टेकडी संपते, उतार लागतो, खाली ओढा, ओढ्यावर दगडी पूल, आणि पुलापलीकडे लगेच पुढची टेकडी. एकेक चढ लहान, पण दिवसभरात त्यांची बेरीज मोठी होते.

गावंही बहुतेक माथ्यावर. खालच्या दऱ्यांत दलदल होती, हिवताप होता, आणि शत्रूचं सैन्यही तिथूनच यायचं. म्हणून माणसांनी उंचावर तटबंदी घालून घरं बांधली. सायकलवाल्याला त्यामुळे प्रत्येक गाव कष्टाने मिळतं. गाडीतून आलेल्याला कियांतीतलं राद्दा हे वाइनचं गाव वाटतं. पेडल मारत आलेल्याला तो एक किल्ला आहे हे मांड्यांना कळतं. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना ही तिन्ही ठाणी मध्ययुगात फ्लॉरेन्सने सिएनाच्या विरोधात संघ करून सांभाळली. काळा कोंबडा ही त्या संघाची खूण आज कियांतीच्या बाटलीवर दिसते. दोन शहरं पिढ्यान् पिढ्या भांडली, 1555 मध्ये सिएना पडलं. सीमाभागात वाढलेल्या, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या माझ्यासारख्याला त्या जुन्या सरहद्दीवरून सायकल नेताना फार बरं वाटतं. जिथे पहारे होते तिथे आता पाण्याचा नळ आहे, आणि कुठल्याही गावचा सायकलवाला तिथे बाटली भरून घेतो.

या मुलखातली खरी संपत्ती मला वाटते ती इथले पांढरे रस्ते. चुनखडीच्या खडीचे, डांबर न घातलेले, शेतघरापासून शेतघरापर्यंत, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधून जाणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शेती सोडून कारखान्यांकडे गेली. शेतघरं ओस पडली, तसे हे रस्ते एकतर रानात बुजू लागले किंवा त्यांच्यावर डांबर पडू लागलं. गायोलेच्या जांकार्लो ब्रोच्ची यांना हे सहन होईना. हा रस्ता चर्चइतकाच, किल्ल्याइतकाच जुना ठेवा आहे, आणि तो वापरात राहिला तरच टिकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 1997 मध्ये जुन्या सायकलींची एक सफर काढली. नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी 92 जण आले.

आता दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोलेत जगभरातून हजारो माणसं येतात. सायकल 1987 च्या आधीची हवी: पोलादी सांगाडा, गिअरचे दांडे हँडलवर नाहीत तर सांगाड्याच्या खालच्या नळीवर, पाय अडकवायला पट्टे, ब्रेकच्या तारा बाहेर दिसणाऱ्या. सर्वांत लांबचा मार्ग 209 किलोमीटरचा. पहाटे अंधारात निघालेले लोक ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढतात तेव्हा त्या पांढऱ्या वाटेच्या कडेला पणत्या लावलेल्या असतात. वाटेतल्या गावांत कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि जेवायचं. शिळा पाव, काळा कोबी आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवून केलेली रिबोल्लिता, ऑलिव्ह तेल ओतलेला पाव, द्राक्षं. वाढणारी माणसं त्याच गावची. एरवीही वर्षभर हा मार्ग पाट्या लावून खुला असतो, नकाशा नसला तरी कुणी चुकत नाही.

याच सफरीतून 2007 मध्ये व्यावसायिक सायकलपटूंची ‘स्त्रादे बियांके’ शर्यत निघाली, 2015 पासून महिलांचीही. शेवटी सिएनाच्या सांता कातेरीना गल्लीत 16 टक्क्यांपर्यंतचा चढ, आणि तो संपला की पियात्सा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा चौक. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराने ही शर्यत तीनदा जिंकली, म्हणून मोंते सांते मारीए या खडतर टप्प्याला त्याचं नाव दिलं. खेळाडूचं नाव स्टेडियमला देतात हे आपण पाहिलं आहे. इथे ते मातीच्या वाटेला दिलं, यातच सगळं आलं.

फ्लॉरेन्सच्या वेशीवरचं पोन्ते आ एमा हे गाव जीनो बार्ताली यांचं. 1938 आणि 1948, दहा वर्षांच्या अंतराने दोनदा त्यांनी तूर द फ्रान्स जिंकली. 1943-44 च्या जर्मन अमलात ते सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रांचे कागद लपवून फ्लॉरेन्स-असिसी रस्त्यावर ने-आण करत. त्या कागदांवर छळातून पळणाऱ्या ज्यू कुटुंबांचा जीव टिकून होता. विजेता सराव करतोय, एवढंच बघणाऱ्याला दिसे. जिवंतपणी त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. 2000 मध्ये ते गेले, आणि 2013 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. गावातल्या त्यांच्या संग्रहालयात मुलं शाळेच्या सहलीने येतात. 29 जून 2024 ला तूर द फ्रान्स इतिहासात पहिल्यांदा इटलीतून सुरू झाली ती फ्लॉरेन्समधूनच, तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी बार्तालींचंच नाव होतं.

हे सगळं पाहताना मला तारिहाळची ओढ लागते, आणि ती फक्त घराची नाही. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला हुबळी-धारवाड बायपास, त्यावरचे ट्रक. माझ्या लहानपणी पाळीला जाणारे कामगार सायकलवरच असत. आता सायकल घेऊन बायपासला लागणं म्हणजे जिवाशी खेळ. पण बायपास सोडून शेतातल्या पाणंदींकडे वळलं की तोच मुलूख वेगळा दिसतो. उणकलला चालुक्यकाळातलं चार दारांचं चंद्रमौळेश्वर मंदिर आहे. अण्णिगेरीला 76 खांबांवर उभं अमृतेश्वर. लक्कुंडीला अत्तिमब्बेने 1007 मध्ये बांधवलेलं ब्रह्मजिनालय. वायव्येला कित्तूर, जिथे राणी चेन्नम्मा 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी लढली. कियांतीपेक्षा आमच्याकडचा इतिहास तसूभरही कमी नाही. कमी आहे ती या ठिकाणांना जोडणारी, सायकलने निर्धास्त जाता येईल अशी वाट.

पाणंद कच्ची ठेवा म्हटलं की शेतकरी चिडेल, आणि त्याचं बरोबर आहे. आमची काळी माती पावसात चाकाला धरते. ऊस-कापूस बाहेर काढायचा तर रस्ता पक्का हवाच. पण टोस्कानातला पांढरा रस्ताही आपोआप टिकलेला नाही. मधे फुगवटा, दोन्ही कडेला पाणी जायला चर, आणि खचलं तिथे नवी खडी. आमच्याकडे मुरूम आहे, चर खणणारे हात आहेत. काही पाणंदी डांबरी होऊ द्याव्यात, काही मुरमाच्या पक्क्या कराव्यात, आणि त्यांतून उणकल ते अण्णिगेरी असा एक मार्ग आखून कन्नड-मराठी पाट्या लावाव्यात. सुरुवात ग्रामपंचायती आणि शाळांनी करावी. शाळेची मुलं रविवारी त्या वाटेने गेली की पाटी कोण पुसतो, चर कुठे बुजला, हे गावाला लगेच कळेल. चहा आणि गिरमिट देणारी हॉटेलं वाटेवर आहेतच, त्यांनाही गिऱ्हाईक मिळेल.

गायोलेसुद्धा एके काळी लोक सोडून जात असलेलं खेडंच होतं. तिथल्या लोकांनी आपली वाट मोलाची मानली, मग जगाने मानली. आमच्या भागाने आधी हे मानायला हवं, आणि ते मानायला कुठल्याही परदेशी पाहुण्याची वाट बघायचं कारण नाही.