दस्तरख्वानावरचा खेळ

उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवणाऱ्या आम्ही दोघी. एकीकडे उर्दू आणि मराठी, दुसरीकडे विज्ञान. आठवड्यातून एकदा मुलांना लोहाची निळी गोळी द्यायचे कामही आमच्याकडेच. मुली गोळी पाहून नाक मुरडतात, कुणी ती हळूच दप्तरात टाकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आमच्या मुली त्या वयाच्या उंबरठ्यावर आहेत. नुसती गोळी वाटून भागणार नाही, ताटाबद्दलही बोलले पाहिजे, असे वाटत होते. पण ‘सकस आहार’ या धड्याला मुले जांभया देतात. म्हणून आम्ही कार्डांचा एक खेळ तयार करायला घेतला.

सामान फुकटचे. शादीचे जुने रुक्के घरोघरी पडलेले असतात, त्यांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. त्याचे चौकोनी तुकडे कापून ६० कार्डे केली. चित्रे मुलांनीच काढली.

खरा प्रश्न होता तो कार्डांवर काय लिहायचे हा. अशा तयार खेळांत पदार्थांचे दोन गट असतात, चांगले आणि वाईट. वाईटावर लाल फुली. आम्ही वर्गावर नजर टाकली. एकाच्या अब्बांचा समोशाचा गाडा आहे. दोघांचे वालिद बेकरीत भट्टीवर काम करतात. काही मुले सकाळी चहा-टोस्टवरच शाळेत येतात, कारण अम्मी त्याआधीच कामावर गेलेली असते. समोशावर लाल फुली मारली की ती त्या मुलाच्या अब्बांवर बसते. मुले एवढे हिशेब लगेच करतात, आणि चिडवायलाही त्यांना वेळ लागत नाही. तेव्हा खेळात वाईट कार्ड नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले.

मग नियम असा बसवला. प्रत्येकाच्या थाळीत पाच जागा: धान्य, डाळ-कडधान्य, भाजी, फळ, आणि पाचवी दूध-दही, अंडे, गोश्त किंवा मासे यांची. ढिगातून एक कार्ड उचलायचे, एक टाकायचे, थाळी भरायची. समोसा किंवा पाच रुपयांचा पुडा आला तर तो कुठल्याही जागी ठेवता येतो, त्याचे गुण कापले जात नाहीत. तो फक्त जागा अडवतो. मुलांना हे फार लवकर समजले. पोट तेवढेच असते आणि पुड्याने ते भरले की डाळ-भाजीला जागा उरत नाही, हे आम्हाला फळ्यावर लिहावे लागले नाही.

जादा गुण आहेत ते जोडीला. ज्वारीची भाकरी आणि डाळ ही एक जोडी: ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो तो डाळीत मिळतो, आणि डाळीतली मेथिओनिनची उणीव भाकरी भरून काढते. मेथी आणि लिंबू ही दुसरी, चणे आणि पेरू ही तिसरी, कारण आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातले लोह अंगी लागते. पेरूत तर ते संत्र्याहूनही कितीतरी जास्त असते. सफरचंदाला आम्ही एकही जादा गुण दिला नाही. आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात म्हणून ते मोठे, एवढाच त्याचा रुबाब!

भाषेचा भाग आमच्यापैकी एकीच्या जिव्हाळ्याचा. पाठ्यपुस्तकातला पेरू उर्दूत अमरूद होतो आणि आमच्या मराठवाड्यातल्या घरांत जाम. मटकीला उर्दूत मोठ म्हणतात, हे तर मुलांना ठाऊकच नव्हते. म्हणून कार्डाच्या एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला उर्दू, आणि कोपऱ्यात घरात म्हणतात ते.

खेळ घरी नेला जाऊ लागला तेव्हा एका मुलीच्या दादी शाळेत आल्या. “मैडम, तुमे बच्चों कू पत्ते सिखाते?” त्यांचा राग उगाच नव्हता. मोहल्ल्यात पत्ते म्हटले की पैसे लावणारी पोरे आठवतात, आणि जुगारापासून मुलांना दूर ठेवणे हे घरातल्या मोठ्यांचे कामच आहे. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि कार्डे हातात ठेवली. पैसा नाही, डाव नाही, कुणाचे काही जात नाही. ज्याची थाळी आधी भरते तो दुसऱ्याला आपल्याकडचे कार्ड देऊ शकतो, त्यालाही गुण आहेत. दादी चष्मा सावरत एकेक कार्ड पाहत होत्या. “इसमें अंबाडे की भाजी कां है?” खरेच, अंबाडा-गोश्त ज्यांच्या हातचा खावा त्या समोर बसलेल्या, आणि अंबाडीचे कार्ड काढायचे कुणाला सुचले नव्हते. ते ६१ वे कार्ड झाले.

मग त्या एक डाव खेळल्याही. हातात आले चहाचे कार्ड. चहाचा नियम थोडा कडक आहे: तो जेवणाच्या थाळीत ठेवला तर लोहाच्या जोडीचे गुण मिळत नाहीत, कारण चहातले टॅनिन भाजी-डाळीतले लोह धरून ठेवते. एक फेरी थांबून, म्हणजे जेवणानंतर तासाभराने, ठेवला तर काही नुकसान नाही. नात त्यांना हे अगदी शिक्षकी आवाजात समजावत होती. दादींनी कार्ड ढिगात परत सारले. “ये चाय का पत्ता मेरेकू नक्को.”

आता रमजानसाठी वेगळा संच करायचे चालले आहे, सहरीचा आणि इफ्तारचा. सहरीत दही, अंडे, भाकरी, पाणी. पाण्याची कार्डे मुद्दाम जास्त ठेवली आहेत. खजुराला दोन गुण द्यायचे की तीन, हे मुलांनी ठरवायचे आहे. आणि भज्यांची कार्डे किती असावीत, यावर आम्हा दोघींचेच अजून एकमत झालेले नाही.